वरच्या दोन मणक्यांचं ऑपरेशन

दुखण्याची जागा मला एका बोटाने दाखवता येत होती. कवटी संपून मान सुरू होते, तिथल्या खळग्याच्या उजव्या बाजूला. तिथून कळ कानामागून चढत टाळूपर्यंत जायची. मान वर-खाली केली तर फारसा त्रास नसे. उजवीकडे वळवली की मात्र आत कर्रकर्र व्हायचं, तो आवाज माझा मला ऐकू यायचा, आणि मग डोळ्यांपुढे अंधारी येईल इतकं दुखायचं. रात्री कूस बदलली की जाग यायची. पहाटे उठताना डोकं दोन्ही हातांनी धरून उचलावं लागायचं. हे सविस्तर लिहायचं कारण असं, की या जागेचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने वर्षानुवर्षं औषधं खात राहतं. माझंही तसंच झालं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या बाजूला. घरची द्राक्षबाग. विरळणीच्या दिवसांत बाया सकाळपासून मांडवाखाली उभ्या असतात, मान वर, हातात कात्री, घडातले जादा मणी काढत. त्यानंतर डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं. आमच्या भागात मान न दुखणारी बाई शोधून सापडायची नाही. त्यामुळे माझ्या दुखण्याचं वेगळेपण कुणाच्या ध्यानात आलं नाही. ‘बागेत काम करता ना, मग दुखणारच,’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं, की मीही तेच धरून चालले. पुढे सर्जनना मी मुद्दाम विचारलं, की हे बागेमुळे झालं का? ते म्हणाले, एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. वय वाढतं तशी सांध्यातली कूर्चा झिजते, कुणाची गुडघ्यात, कुणाची इथे. आणि हा सांधा मान वर करण्यापेक्षा डावी-उजवीकडे वळवताना जास्त राबतो.

आधी डोळे तपासून झाले, चष्म्याचा नंबर बदलला. मग बीपी. मग अर्धशिशी समजून गोळ्या. मग मानेचा एक्स-रे, आणि त्यात ‘पाचव्या-सहाव्या मणक्यात गॅप कमी झालाय’ असं निघालं. साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्स-रेत असं काहीतरी दिसतंच, हे मला फार उशिरा कळलं. त्या गॅपसाठी पट्टा आला, शेक आला, वजन लावून मान ताणणं आलं. मान ताणल्यावर माझं दुखणं वाढत होतं, हे मी तिथे सांगत होते. पण कागदावर पाचवा-सहावा लिहिलेला होता आणि उपचार कागदावरच्या मणक्यावर चालू होते. चक्करच्या गोळ्या, नसांच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या. नसांच्या गोळ्यांनी दिवसभर झापड यायची.

जाऊबाईंनी एका माणसाचं नाव आणलं होतं. बाजाराच्या दिवशी बसतो, मानेला झटका देतो, ‘शीर मोकळी करतो’. मी गेले नाही. आता त्या भागाची चित्रं पाहिल्यावर सांगते, कुणीच जाऊ नये. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांमधून वळणं घेत वर जातात. न्हाव्याच्या खुर्चीत फुकटात मिळणारा झटकासुद्धा घेऊ नये.

मिरजेला आधीच का गेलो नाही, असं पोरगा पुढे म्हणायचा. मिरज आमच्यापासून लांब नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नव्हे तर बेळगाव, विजापूरकडची माणसंही दुखणं घेऊन मिरजेची गाडी धरतात. आम्हीही शेवटी तिथल्याच एका मणक्यांच्या सर्जनकडे गेलो. वय फार नसावं त्यांचं. फाईल उघडायच्या आधी म्हणाले, “काकू, एका बोटानं जागा दाखवा.” मी दाखवली. मग त्यांनी माझी हनुवटी छातीला टेकवायला लावली आणि तशीच ठेवून डोकं हलकेच डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. उजवीकडे वळवताच मी ओरडले. मान अशी पुढे वाकवली की खालचे सांधे आवळले जातात आणि वळण बहुतेक सगळं वरच्या दोन मणक्यांतच होतं, असं त्यांनी समजावलं. इतकी वर्षं मला हात लावून असं कुणी तपासलं नव्हतं.

मग वेगळा एक्स-रे. तोंड मोठं उघडायचं आणि फोटो उघड्या तोंडातून काढायचा, कारण समोरून साधा फोटो काढला तर जबडा आणि दात या दोन मणक्यांच्या आड येतात. त्यात डावा सांधा दिसला, मध्ये स्वच्छ काळी फट. उजवीकडे फट नव्हती. हाडावर हाड बसलेलं. सीटी स्कॅनमध्ये कडेला वाढलेली हाडाची टोकंही दिसली. एमआरआय मज्जारज्जू पाहण्यासाठी. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे आणखी दोन एक्स-रे, दोन मणके एकमेकांवरून सरकतात का ते पाहायला. आणि रक्ताच्या तपासण्या, कारण आमवातातही हाच भाग धरला जातो, तिथली बळकट पट्टी सैल होते आणि मणका सरकून मज्जारज्जूवर येऊ शकतो. ते दुखणं वेगळं आणि जास्त घाईचं. माझं ते निघालं नाही. माझी नुसती झीज होती, पण पार टोकाला गेलेली.

सर्जननी कागदावर काढून दाखवलं ते मला आजही काढता येतं. पहिला मणका म्हणजे ॲटलास, एक कडं, त्यावर कवटी टेकलेली. दुसरा ॲक्सिस, त्याला वर दातासारखा सुळका. त्या सुळक्याभोवती कडं फिरतं आणि डोकं वळतं. दोन्ही बाजूंना एकेक सपाट सांधा. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एका जोडीत होतं. उरलेलं खालचे सगळे मणके मिळून करतात. “हो म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर हलते, नाही म्हणताना पहिला दुसऱ्यावर,” असं ते म्हणाले. माझं ‘हो’ शाबूत होतं. ‘नाही’मध्ये बिघाड होता.

लगेच ऑपरेशनची गोष्ट त्यांनी काढली नाही. आधी त्या सांध्यात इंजेक्शन. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. टेबलावर पालथं झोपवून, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत, बारीक सुई सांध्यात नेतात. धमनी कडेलाच असते, म्हणून हे काम सराव असलेल्या हातांनीच करायचं. औषधात भूल आणि स्टेरॉइड दोन्ही असतं. भूल आहे तोवर दुखणं गेलं तर चोर तिथेच आहे असं समजायचं. मी टेबलावरून उठले, भिंतीकडे तोंड होतं, आणि पोराने मागून हाक मारली तर मी चटकन उजवीकडे वळून बघितलं. कळ आलीच नाही. मी तिथेच रडले. पोरगा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं.

तो आराम काही आठवडे टिकला, मग हळूहळू ओसरला. दुसऱ्या इंजेक्शनचा आराम आणखी कमी टिकला. तेव्हा मग ऑपरेशनची गोष्ट निघाली.

ऑपरेशन म्हणजे सांधा बदलत नाहीत. गुडघ्यासारखा कृत्रिम सांधा इथे घालत नाहीत, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं आणि मलाही नव्हतं. इथे दोन मणके कायमचे एक करतात. जो सांधा हलला की दुखतो, त्याचं हलणंच बंद करायचं. सांध्यातली उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, तिथे आपल्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा, आणि दोन्ही मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू घालून ते सळीने जखडायचे. ऐकताना मला आमच्या बागेतलं कलम आठवलं. डॉगरिजच्या खुंटावर आपण काडी भरतो आणि पट्टी घट्ट बांधतो. पट्टी काही जोडत नाही, ती फक्त हलू देत नाही. जोडायचं काम झाडाचं. स्क्रू आणि सळी म्हणजे ती पट्टी. हाड जुळवायचं काम माझ्या शरीराचं, आणि त्याला महिने लागणार.

या ऑपरेशनचा इतिहास मी विचारून घेतला, कारण मला कळल्याशिवाय सही करवत नव्हती. पूर्वी हे दोन मणके मागून तारेने बांधत. गॅली नावाच्या सर्जनची तारेची पद्धत १९३९ची. तार वळणाला नीट अटकाव करू शकत नसे, त्यामुळे रोग्याला महिनोन्‌महिने डोक्यापासून छातीपर्यंत जखडून ठेवावं लागे आणि तरीही काहींचं हाड जुळत नसे. पुढे १९८०च्या दशकात मागेर्ल यांनी सांध्यातून आरपार स्क्रू घालायची पद्धत आणली. आणि मग मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. अतुल गोयल. पहिल्या मणक्यात वेगळा स्क्रू, दुसऱ्यात वेगळा, आणि दोन्हींना जोडणारी पट्टी, अशी त्यांची पद्धत १९९४ मध्ये छापून आली. २००१ मध्ये जर्मनीतल्या हार्म्स यांनी पट्टीच्या जागी सळी आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरले. आज जगभर हे ऑपरेशन या दोघांच्या नावाने ओळखतात, आणि त्यात पहिलं नाव परळच्या डॉक्टरांचं आहे. माझ्या मानेत जे बसलंय त्याचं मूळ आपल्या मुंबईतल्या महापालिकेच्या दवाखान्यात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

खरा प्रश्न होता तो देण्याघेण्याचा. दुखणं जाईल, पण मानेचं निम्मं वळण कायमचं जाईल. परत येणार नाही. सर्जननी हे एकदा नाही, तीन वेगवेगळ्या भेटींत तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मी घरी येऊन विचार करत राहिले. निम्मं वळण म्हणजे काय? रस्ता ओलांडताना, पंगतीत वाढताना, चुलीजवळ बसून मागच्या माणसाशी बोलताना. मग ध्यानात आलं, की जे देण्याची भीती वाटतेय ते माझ्याकडे आताच कुठे उरलंय? मी कधीपासून अख्खी फिरूनच बघत होते. दुखतं म्हणून मान वळवायची मी सोडूनच दिली होती. वळण आधीच गेलं होतं, आणि वर दुखणं राहिलं होतं.

त्यांनी एक सोपी युक्तीही सांगितली. कडक कॉलर घेऊन जा आणि काही दिवस घरात, बागेत घालून वावरा. मान न वळवता जगणं कसं असतं ते आधीच कळेल. आणि कॉलरमध्ये दुखणं कमी झालं, तर हलणं बंद केल्याने फरक पडेल याचीही ती एक खूण. मी कॉलर घालून बेदाण्याच्या शेडवर गेले, बायांचे पगार केले, तासगावच्या बाजारात फिरले. अडचण झाली, पण त्या दिवसांत मी रात्री झोपले. सलग झोपले. निर्णय माझ्यापुरता तिथेच झाला.

मालकांचा मात्र सक्त विरोध होता. “मणक्याला सुरी लागली की माणूस जाग्यावर पडतंय,” हे आमच्याकडे सगळेच म्हणतात आणि त्यांच्या एका चुलतभावाचं कमरेचं ऑपरेशन बिघडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांची भीती खोटी नव्हती. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही स्वतः या, तुमच्या तोंडानं विचारा.” ते आले. सर्जननी त्यांना खुर्ची जवळ ओढून बसवलं आणि धोके सरळ वाचून दाखवले. धमनीला इजा होऊ शकते, त्यातून मेंदूला झटका येऊ शकतो. मज्जारज्जूला इजा होऊ शकते. तिथे शिरांचं जाळं आहे, रक्तस्राव होऊ शकतो. जंतुसंसर्ग, स्क्रू ढिला होणं, हाड न जुळणं. डोक्याच्या मागच्या भागाला बधिरपणा तर बहुधा येईलच, कारण तिथली नस सांध्याच्या अगदी अंगावर असते. मालक गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काय होत नाही असं म्हणाला असता तर मी नकोच म्हणालो असतो. हा माणूस लपवत नाही.” पुण्याला जाऊन दुसऱ्या एका सर्जनचं मतही घेतलं. तेही तसंच पडलं.

दिवस कुठला धरायचा हे बागेने ठरवलं. माल उतरून, व्यापाऱ्याचा चेक वटून, एप्रिलच्या खरड छाटणीआधी. पैशांबाबत एक गोष्ट सांगते. स्क्रू-सळ्यांचा खर्च ऑपरेशनच्या खर्चात धरलाय की वेगळा, हे आधी लिहून घ्यावं. महात्मा फुले जन आरोग्य योजना असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधी त्यांना विचारावं, भरती झाल्यावर नव्हे.

तयारीत धमन्यांचा सीटी स्कॅन झाला. धमनीची वाट प्रत्येकाच्या मणक्यात थोडी वेगळी असते. माझी डावीकडची दुसऱ्या मणक्यात जरा वर चढलेली निघाली, म्हणून त्या बाजूला आखूड स्क्रू घालायचं ठरलं. हाडांची घनता तपासली, ड जीवनसत्त्व कमी होतं ते भरून काढलं, साखर पाहिली, रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून थांबवली.

आणि मिश्री. “मिश्री लावता का?” हा प्रश्न त्यांनी इतक्या गांभीर्याने विचारला, की मी चमकले. मी लावत नाही. पण आमच्या गावात दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार-पाच वेळा मिश्री लावणाऱ्या कितीतरी बाया आहेत, आणि त्या तंबाखू खातो असं कधीच सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नव्हेच. तंबाखूतलं निकोटिन हाडाचा रक्तपुरवठा कमी करतं, नवं हाड धरत नाही. जत भागातल्या एका बाईंना, माझ्यासारख्याच ऑपरेशनसाठी आलेल्या, मिश्री बंद करून मग या म्हणून परत पाठवलं होतं. त्या चिडल्या होत्या. मला ते परत पाठवणं योग्य वाटलं. मिश्री लावत असाल तर डॉक्टरांना सांगा, न विचारता सांगा.

ऑपरेशनच्या सकाळी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सुनेच्या हातात दिली. मागचे केस वरपर्यंत काढले. मला वाटलं होतं त्याचं वाईट वाटेल, तसं काही वाटलं नाही. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई होत्या, त्यांनी सांगितलं की मान न हलवता कॅमेऱ्याने बघत श्वासाची नळी घालणार, मग पालथं झोपवून डोकं तीन टोकांच्या चिमट्यात पक्कं धरणार, आणि हातापायांत बारीक सुया लावून मज्जारज्जूतून संदेश नीट जातायत ना हे पूर्ण वेळ बघत राहणार. त्यापुढचं मला काही माहीत नाही. आत नेलं तेव्हा ऊन कोवळं होतं, डोळे उघडले तेव्हा आयसीयूतले दिवे लागले होते आणि कुणीतरी म्हणत होतं, “काकू, पायाची बोटं हलवा.” हलवली. दोन्ही पायांची. मग हातांची. काचेबाहेर मालक उभे होते, त्यांनाही ती हालचाल दिसली असं ते नंतर म्हणाले.

पहिल्या दिवसांत मानेपेक्षा कंबर जास्त दुखली, जिथून हाड घेतलं ती जागा. चालायला लागल्यावर तिनेच जास्त सतावलं. मानेचे स्नायू आवळून यायचे, ते दुखणं वेगळं होतं, ताज्या जखमेचं. पण कानामागून टाळूकडे चढणारी ती जुनी कळ नव्हती. मी झोपल्या झोपल्या तिची वाट बघायचे. ती आली नाही. कपाळाच्या कडेला चिमट्याच्या टोकांच्या खुणा होत्या, त्या बुजल्या. दुसऱ्याच दिवशी उभं केलं. कूस बदलायची तर डोकं, खांदे आणि कंबर एकदम, एका रेषेत. नर्सने सुनेला ते शिकवलं आणि सून ते चोख शिकली. शेजारच्या खाटेवर कानडी मावशी होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नाही. पण मला पाणी हवं आहे हे त्यांना माझ्याआधी कळायचं आणि त्या हाका मारून कुणाला तरी उठवायच्या.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. एप्रिल-मेचा तासगावचा उन्हाळा आणि गळ्यात चोवीस तास कडक कॉलर. घाम आत मुरायचा, हनुवटीखाली कातडी सोलवटायची. यावर उपाय असा केला, की जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कॉलरच्या आत घालायच्या आणि दिवसातून तीनदा बदलायच्या. कॉलरचे स्पंज दोन जोड ठेवायचे, एक धुऊन वाळत, एक गळ्यात. स्पंज बदलताना आडवं पडायचं, मान कुणीतरी धरायची, मग कॉलर काढायची. खाली बघता येत नाही, त्यामुळे ताट उंचावर ठेवावं लागतं. आम्ही पाटावर पाट ठेवून काम भागवलं. पाणी स्ट्रॉने. अंघोळ बसून, मानेपासून खाली. न बघता पाय टाकायचा तर अंगणातली मुलांची खेळणी, कोंबड्या, नळीचे वेटोळे हे सगळे शत्रू. पडायचं नाही, एवढं एक पथ्य सर्वांत वर. सूज आणि दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खायच्या नाहीत, त्यातल्या काही हाड जुळायला अडथळा करतात. सर्जननी लिहून दिल्या तेवढ्याच घ्यायच्या. हे घरच्या प्रत्येकाला सांगून ठेवावं, कारण येणारा प्रत्येक पाहुणा आपल्या पिशवीतली एक गोळी काढून देतो.

खरड छाटणीचे आवाज मला घरात पडून ऐकू यायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या छाटणीला नव्हते. मन फार खट्टू व्हायचं. तेव्हा नात शाळेला सुट्टी असल्याने जवळ असायची, ती बागेत जाऊन बघून यायची आणि कुठल्या ओळीपर्यंत आलेत ते सांगायची.

पाऊस सुरू झाला त्या सुमारास कॉलर निघाली. कॉलर निघाल्यावर आपण लगेच मोकळे होतो असं वाटतं, तसं नसतं. मानेचे स्नायू इतके दिवस आयते बसलेले असतात, डोकं जड वाटतं, संध्याकाळी मान भरून येते. फिजिओथेरपिस्टने हळूहळू, नुसत्या हाताच्या तळव्याला डोकं दाबून धरायचे व्यायाम दिले. वळवण्याचे नाहीत. पुढे सीटी स्कॅन झाला तेव्हा सर्जननी पडद्यावर तीच जागा दाखवली. उजवीकडे पूर्वी जिथे हाडावर हाड घासत होतं, तिथे आता एकसंध हाड होतं, मध्ये रेघ नव्हती. डावीकडे थोडं काम बाकी होतं, तेही पुढच्या स्कॅनपर्यंत पुरं झालं.

आज काय आहे ते जसं आहे तसं सांगते. मान दोन्हीकडे थोडी वळते, पूर्वीच्या निरोगी मानेच्या निम्मी. वर-खाली बऱ्यापैकी होते. रस्ता ओलांडताना खांद्यांसकट वळते. मोटारसायकलवर मागे बसले की पोराला डावी-उजवीकडचं तोच बघायला सांगते. डोक्याचा मागचा भाग, मुठीएवढा, अजून बधिर आहे. कंगवा फिरतो ते कळत नाही, आणि तेल गरम आहे की गार हे तिथे समजत नाही, म्हणून ते आधी हातावर बघावं लागतं. पहिल्यांदा तिथे मुंग्या यायच्या, ते थांबलं. पावसाळी हवेत मानेच्या खालच्या भागात थोडं भरून येतं. जोडलेल्या मणक्यांच्या खालच्या सांध्यांवर आता जास्त भार आहे, त्यामुळे वर्षातून एकदा एक्स-रे करून बघतात.

पण कळ गेली. ऑक्टोबरच्या फळछाटणीला मी बागेत होते. पुढे विरळणीलाही गेले, मात्र सबंध दिवस मान वर करून नाही; तासाभराने बसते, आणि उंच बायांना वरचे घड, मला खालचे, अशी वाटणी बायांनीच करून टाकली.

आता लोक फोन करतात. परवा कवठेमहांकाळकडच्या एका ताईंचा आला. डोक्यामागे दुखतं, वळलं की कर्रकर्र होतं, एक्स-रेत पाचवा-सहावा निघालाय, मान ताणायला सांगितलंय. ऑपरेशन करून घ्या असं मी त्यांना सांगितलं नाही, ते सांगणारी मी कोण! मी विचारलं, जागा एका बोटाने दाखवता येते का? येते म्हणाल्या. उघड्या तोंडातून फोटो काढलाय का? नाही. मग तेवढा काढून घ्या, मान ताणणं तोवर थांबवू का ते डॉक्टरांना विचारा, आणि सांध्यातल्या इंजेक्शनने कळ जाते का ते आधी बघा, एवढं म्हटलं. शेवटी मिश्रीचंही विचारलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “लावते की हो. पण हे कुणी विचारलंच नव्हतं.”